मारामारीचा हिशेब: बुद्धिबळ इंजिनात एसईई कसं लिहायचं

पटावर हे मांडा. पांढऱ्याचा राजा जी१, हत्ती डी१ आणि डी२, घोडा सी३, प्यादी एफ२, जी२, एच२. काळ्याचा राजा जी८, हत्ती डी८, घोडा एफ६, प्यादी डी५, एफ७, जी७, एच७. खेळी पांढऱ्याची. घोड्याने डी५ वरचं प्यादं मारावं का?

मोहरे खरोखर लाकडी पटावर मांडा आणि शेजारी कागद-पेन्सिल ठेवा. पुढचा प्रत्येक आकडा हाताने काढता येतो आणि तो हाताने काढल्याशिवाय कोड लिहायला बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी नोकरीत कंपायलरचं काम करते आणि संध्याकाळी सी++ मध्ये बुद्धिबळाचं इंजिन लिहिते. नव्याने इंजिन लिहिणारी मुलं-मुली मला त्यांचा कोड दाखवतात. मूव्ह जनरेशन, म्हणजे शक्य खेळ्यांची यादी काढणं, बरोबर असतं, त्या खेळ्या मोजून तपासणाऱ्या पर्फ्ट चाचणीचे आकडे जुळलेले असतात, निरुपयोगी शाखा वगळणारा अल्फा-बीटा शोध चालत असतो. तरीही मारामारी सुरू झाली की इंजिन गुदमरतं: हजारो निरर्थक शाखा शोधत बसतं आणि खोली, म्हणजे किती खेळ्या पुढचं दिसतं ते, वाढतच नाही. अशा वेळी मी त्यांना एकच फंक्शन आधी लिहायला सांगते, ते म्हणजे स्टॅटिक एक्स्चेंज इव्हॅल्युएशन, थोडक्यात एसईई. त्याला एकच प्रश्न विचारायचा असतो. या घरावर या मोहऱ्याने मारलं आणि दोन्ही बाजूंनी फक्त याच घरावर शहाणपणाने मारामारी केली, तर शेवटी मला किती मिळेल किंवा माझं किती जाईल? पट हलवायचा नाही, खेळी करून मागे घ्यायची नाही, झाड शोधायचं नाही. फक्त हिशेब करायचा.

किमती आधी ठरवा

प्यादं १००, घोडा ३२५, उंट ३२५, हत्ती ५००, वजीर ९७५, राजा १०,०००. या लेखात हेच आकडे वापरले आहेत.

घोडा आणि उंट सारख्याच किमतीचे का, हे समजून घ्या. स्थितीला गुण देणाऱ्या तुमच्या मूल्यमापनात उंट ३५० आणि घोडा ३२० असेल, तर तिथे तो तसाच राहू द्या. पण तेच आकडे एसईईत आणले, तर जोर असलेला घोडा उंटाने मारणं ३० ने तोट्याचं ठरेल. तोट्याची मारणी वगळायचा नियम लावला की इंजिन ती अगदी साधी अदलाबदल पाहणारच नाही. गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी संगणकाविना कागदावर चालवलेल्या बुद्धिबळ-पद्धतीत घोडा ३ आणि उंट साडेतीन होता. कोणत्या खेळ्या पुढे तपासायच्या, याचे त्यांचे नियम असे होते: बिनजोर मोहरा मारणं, मारणाऱ्याला उलट मारणं, स्वस्त मोहऱ्याने महाग मोहरा मारणं आणि मात देणं. या आकड्यांनी जोर असलेला घोडा उंटाने मारणं त्या यादीत बसत नाही. तरी मला त्या नियमांबद्दल फार आदर आहे. आपण आज जे मोजतो त्याचं बीज त्यांत स्पष्ट दिसतं. १९५२ साली ट्युरिंग यांनी त्या नियमांनी संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलिक ग्लेनी यांच्याशी एक डाव खेळला, प्रत्येक खेळीचा हिशेब स्वतः हाताने करून. त्याआधी १९५० साली गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी संगणकाच्या बुद्धिबळावरच्या आपल्या लेखात बजावलं होतं की मूल्यमापन शांत स्थितीतच करावं. मारामारी अर्ध्यात असताना केलेली मोहऱ्यांची बेरीज खोटी असते.

म्हणून एसईईसाठी किमतींचा तक्ता वेगळा ठेवा. मूल्यमापनाचे आकडे तुम्ही पुढे शंभरदा बदलाल, हा तक्ता त्यांच्यासोबत हलता कामा नये.

हाताने हिशेब

आता डी५ कडे या. पांढऱ्याचे मारणारे: सी३ चा घोडा, डी२ चा हत्ती आणि त्याच्या मागे लपलेला डी१ चा हत्ती. काळ्याचे: एफ६ चा घोडा आणि डी८ चा हत्ती. प्रत्येक बाजू आपल्याकडचा सर्वांत स्वस्त मोहरा आधी वापरते.

कागदावर एक ओळ लिहा. तिच्यातला प्रत्येक आकडा म्हणजे त्या क्षणी ज्याने मारलं त्याच्या दृष्टीने शिल्लक. नियम इतकाच, की आत्ता मारलेल्या मोहऱ्याच्या किमतीतून आधीचा आकडा वजा करायचा.

घोड्याने प्यादं मारलं: १००. काळ्या घोड्याने घोडा मारला: ३२५ वजा १००, म्हणजे २२५. डी२ च्या हत्तीने घोडा मारला: ३२५ वजा २२५, म्हणजे १००. काळ्या हत्तीने हत्ती मारला: ५०० वजा १००, म्हणजे ४००. डी१ च्या हत्तीने हत्ती मारला: ५०० वजा ४००, म्हणजे १००. काळ्याकडे मारणारा उरला नाही.

ओळ झाली: १००, २२५, १००, ४००, १००.

आता उजवीकडून डावीकडे परत या. या परतीच्या वाटेतच एसईईचा सगळा जीव आहे. प्रत्येक पायरीवर त्या खेळाडूला विचारायचं, ‘इथे मारणं तुला परवडतं का, की थांबणं बरं?’ पहिली मारणी सोडली तर कुणावरही मारण्याची सक्ती नसते. शेवटचा आकडा १०० पांढऱ्याचा, म्हणून त्याआधीची काळ्याची ४०० ची शिल्लक प्रत्यक्षात उणे १०० होते. त्याआधीचे पांढऱ्याचे १०० तसेच १०० राहतात. काळ्याचे २२५ उणे १०० होतात. पहिला आकडा १०० राहतो. उत्तर अधिक १००: पांढरा एक प्यादं जिंकतो.

आता काळ्याचा एक उंट बी७ वर ठेवा. बाकी काहीही बदलू नका. सी६ रिकामं आहे, म्हणून उंट डी५ ला जोर देतो. काळ्याचा क्रम आता घोडा, उंट, हत्ती असा झाला.

ओळ पुन्हा काढा: १००, २२५, १००. मग उंटाने हत्ती मारला, ४००. डी१ च्या हत्तीने उंट मारला, ३२५ वजा ४००, म्हणजे उणे ७५. डी८ च्या हत्तीने हत्ती मारला, ५०० अधिक ७५, म्हणजे ५७५.

सगळी मारामारी शेवटपर्यंत झाली तर पांढऱ्याचे ५७५ जातात. पण पांढरा शेवटपर्यंत जाणारच नाही. परतीच्या वाटेने या: ५७५ मुळे उणे ७५ चे उणे ५७५ होतात, त्याआधीचे काळ्याचे ४०० तसेच राहतात, पांढऱ्याचे १०० उणे ४०० होतात, काळ्याचे २२५ तसेच राहतात आणि पहिला आकडा उणे २२५ होतो. म्हणजे काळ्या घोड्याने उलट मारल्यावर पांढऱ्याने तिथेच थांबायचं. प्याद्याच्या बदल्यात घोडा गेला, तोटा २२५ चा, ५७५ चा नव्हे.

मारणारे किती आणि जोर देणारे किती, एवढंच मोजून हे उत्तर येत नाही. दुसऱ्या मांडणीत तीनास तीन आहेत. मारामारी कुठे थांबते, हे किमतींच्या क्रमावरून ठरतं. मुलांच्या कोडमध्ये मला सर्वांत जास्त वेळा हीच उणीव दिसते: पुढे जाणारं चक्र बरोबर लिहिलेलं असतं, पण परत येताना थांबण्याची मुभा दिलेली नसते. मग इंजिनाला वाटतं की एकदा सुरू झालेली मारामारी शेवटच्या मोहऱ्यापर्यंत चालवलीच पाहिजे.

यादीची आवृत्ती

हातचा हिशेब कोडच्या रूपात असा दिसतो. बळी म्हणजे मारला जाणारा मोहरा, ख म्हणजे ओळीतल्या आकड्याचा क्रमांक. नावं तुमच्या भाषेत तुमची ठेवा.

लाभ[०] = किंमत(बळी)
घरावरचा = पहिला मारणारा
पहिल्या मारणाऱ्याचं मूळ घर रिकामं करा, त्याच्या मागचे उघडा
पाळी = समोरचा
ख = ०
पुन्हा पुन्हा:
  पाळी ज्याची त्याच्याकडे मारणारा नसेल तर थांबा
  पुढचा = त्याचा सर्वांत स्वस्त मारणारा
  ख = ख + १
  लाभ[ख] = किंमत(घरावरचा) − लाभ[ख − १]
  घरावरचा = पुढचा
  पुढच्याचं मूळ घर रिकामं करा, त्याच्या मागचे उघडा
  पाळी बदला
जोवर ख > ०:
  लाभ[ख − १] = −मोठा(−लाभ[ख − १], लाभ[ख])
  ख = ख − १
उत्तर: लाभ[०]

लाभच्या यादीला ३२ जागा दिल्या की पुरे, पटावर एकूण मोहरेच तितके असतात.

‘घर रिकामं करा’ म्हणजे खऱ्या पटावरचा मोहरा उचलायचा नाही. भरलेल्या घरांचा जो ६४ बिटांचा बिटबोर्ड असतो, त्याची एक प्रत सुरुवातीला घ्या आणि त्या प्रतीतला बिट पुसा. मारणाऱ्यांचा बिटबोर्ड एकदाच काढायचा: लक्ष्यघरावरून उलटं पाहायचं. त्या घरावर घोडा आहे असं समजून तो जिथे पोचेल तिथे घोडे आहेत का, उंट समजून जिथे पोचेल तिथे उंट किंवा वजीर आहेत का, हत्ती समजून जिथे पोचेल तिथे हत्ती किंवा वजीर आहेत का, आणि राजाचंही तसंच. प्याद्यांचं मात्र जपून करा. डी५ वर पांढरं प्यादं कुठून मारतं हे शोधायला डी५ वर काळं प्यादं ठेवून पाहावं लागतं. रंगाची ही अदलाबदल विसरली की कोड चालतो, उत्तरंही बरीचशी बरोबर येतात आणि चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

मागून येणारे

डी१ चा हत्ती सुरुवातीच्या यादीत नसतो, कारण मध्ये डी२ चा हत्ती उभा आहे. डी२ रिकामं झालं की तो उघडा पडतो. म्हणून प्रत्येक मारणीनंतर रेघ पुन्हा तपासायची, पण गरजेपुरतीच. मारणारा प्यादं किंवा उंट असेल तर लक्ष्यघरापासून तिरप्या रेघा पुन्हा काढा आणि त्यांवरचे उंट-वजीर यादीत घाला. हत्ती असेल तर सरळ रेघा. वजीर असेल तर दोन्ही. घोड्यासाठी काहीच करू नका, कारण ज्या घरावरून घोडा लक्ष्यावर उडी मारतो ते घर लक्ष्याच्या कोणत्याही रेघेवर नसतंच. शेवटी मारणाऱ्यांच्या बिटबोर्डाला भरलेल्या घरांच्या प्रतीशी अँड करायला, म्हणजे दोन्हींत असलेले बिटच ठेवायला, विसरू नका, नाहीतर आधीच वापरून झालेला मोहरा पुन्हा मारायला येईल.

क्रमाचं महत्त्व पटायला एक छोटी मांडणी करा. काळ्याचं प्यादं डी५, जोर फक्त एफ६ च्या घोड्याचा. पांढऱ्याचा हत्ती डी२ वर आणि वजीर डी१ वर. हत्तीने मारलं, घोड्याने हत्ती मारला, वजिराने घोडा मारला: १०० वजा ५०० अधिक ३२५, म्हणजे उणे ७५. आता दोघांच्या जागा बदला, वजीर पुढे आणि हत्ती मागे. वजिराला आधी जावं लागतं: १०० वजा ९७५ अधिक ३२५, उणे ५५०. मोहरे तेच, घर तेच. ‘सर्वांत स्वस्त आधी’ याचा अर्थ ‘त्या क्षणी पोचू शकणाऱ्यांतला सर्वांत स्वस्त’ असा घ्यायचा. सगळ्या मारणाऱ्यांना आधीच किमतीने रांगेत लावून ठेवणारा कोड इथे उणे ७५ सांगेल.

बिटबोर्ड नसतील, साधा ६४ घरांचा अ‍ॅरे असेल, तरीही हरकत नाही. रिकाम्या झालेल्या घराच्या पलीकडे त्याच दिशेने चालत जा आणि पहिला मोहरा कोणता भेटतो ते पाहा. थोडं हळू होईल, पण बरोबर होईल.

राजा, खिळलेले मोहरे आणि बाकी अपवाद

राजा सर्वांत महाग असल्यामुळे आपोआप शेवटी येतो. समोरच्याकडे मारणारा उरलेला असताना राजाने मारणं बेकायदा असतं, पण त्यासाठी वेगळा नियम लागत नाही. १०,००० चा राजा मारला गेला तर परतीच्या वाटेवर तो हिशेब इतका वाईट दिसतो की ती मारणी निवडलीच जात नाही.

खिळलेल्या मोहऱ्यांचा प्रश्न जास्त खोल आहे. उंट बी७ वर असलेली मांडणी पुन्हा घ्या. काळा राजा जी८ वरून ई७ वर आणा आणि पांढऱ्याचा एक उंट जी५ वर ठेवा. एफ६ चा घोडा आता खिळला, तो हलला तर राजाला शह बसतो. तुमचा कोड अजूनही उणे २२५ सांगेल. खरा हिशेब असा: घोड्याने प्यादं मारलं १००, काळ्याला उंटानेच मारावं लागतं २२५, हत्तीने उंट मारला १००, काळ्या हत्तीने हत्ती मारला ४००, दुसऱ्या हत्तीने हत्ती मारला १००, आणि घोडा मारू शकत नाही म्हणून संपलं. उत्तर अधिक १००. एक प्यादं जिंकून देणारी खेळी कोडने तोट्याची ठरवली.

स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनात यावर उपाय आहे: खिळवणारा मोहरा आपल्या जागेवर आहे तोवर खिळलेल्याला मारामारीत घ्यायचं नाही. तुमच्या इंजिनात खिळलेल्या मोहऱ्यांचे बिटबोर्ड शह तपासण्यासाठी आधीच काढलेले असतील, तर हे तीन-चार ओळींचं काम आहे. नसतील तर फक्त एसईईसाठी ते काढू नका. पहिली आवृत्ती खिळ न पाहणारीच लिहा, तिच्या चाचण्या पक्क्या करा आणि मग ही भर घाला.

एन पासाँमध्ये, म्हणजे दोन घरं चाललेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने मारताना, बळी लक्ष्यघरावर नसतो, म्हणून त्याचं घर भरलेल्या घरांतून वेगळं पुसा. प्याद्याचा वजीर होताना मारणी असेल तर पहिल्या लाभात वजीर आणि प्यादं यांच्या किमतीतला फरक मिळवा आणि घरावर वजीर उभा आहे असं धरा. कॅसलिंगला शून्य द्या.

हो की नाही

यादीची आवृत्ती समजायला सोपी आहे, पण शोध चालू असताना तुम्हाला नेमका आकडा क्वचितच लागतो. ‘तोटा नाही ना?’ किंवा ‘एका प्याद्याहून जास्त तर जात नाही ना?’ इतकंच विचारायचं असतं. म्हणून आजची बहुतेक इंजिनं उंबरठा घेऊन हो किंवा नाही सांगणारी आवृत्ती वापरतात. मला हा कोड अतिशय देखणा वाटतो.

शिल्लक = किंमत(बळी) − उंबरठा
शिल्लक < ० असेल तर उत्तर: नाही
शिल्लक = शिल्लक − किंमत(पहिला मारणारा)
शिल्लक ≥ ० असेल तर उत्तर: हो
पहिल्या मारणाऱ्याचं घर रिकामं करा, मागचे उघडा
पाळी = समोरचा
पुन्हा पुन्हा:
  पाळी ज्याची त्याच्याकडे मारणारा नसेल तर थांबा
  पुढचा = सर्वांत स्वस्त मारणारा
  त्याचं घर रिकामं करा, मागचे उघडा
  पाळी बदला
  शिल्लक = −शिल्लक − १ − किंमत(पुढचा)
  शिल्लक ≥ ० असेल तर थांबा
उत्तर: पाळी समोरच्याची असेल तर हो, नाहीतर नाही

पहिल्या चार ओळी नीट वाचा. बळी फुकट मिळूनही उंबरठा गाठता येत नसेल तर पुढे पाहण्यात अर्थ नाही. आणि आपला मारणारा मोबदल्याशिवाय गेला असं धरूनही उंबरठा गाठला जात असेल, तरीही पुढे पाहायला नको. प्याद्याने घोडा मारणं किंवा हत्तीने हत्ती मारणं शून्याच्या उंबरठ्याला इथेच निकालात निघतं. मारणारे शोधण्याचं महागडं काम सुरूही होत नाही.

चक्रात शिरताना शिल्लक नेहमी उणे असते. तिचा अर्थ असा: घरावरचा मोहरा गेला तर तो गमावणारा हरतो. म्हणून ज्याची पाळी आहे त्याने मारलंच पाहिजे, आणि मारायला कोणी नसेल तर तोच हरला. मारल्यावर स्वतःचा मोहरा गेला असं धरूनही त्याची शिल्लक शून्य किंवा अधिक राहत असेल, तर समोरच्याने काहीही केलं तरी तो जिंकला आणि चक्र तिथेच संपतं.

तो ‘वजा १’ बरोबरीसाठी आहे. आपला प्रश्न ‘उंबरठ्याइतकं किंवा जास्त मिळतं का’ असा आहे. म्हणजे बरोबरी झाली तर आपण जिंकतो, आणि समोरच्याला मात्र बरोबरीहून एक तरी जास्त मिळवावं लागतं. चिन्ह उलटवताना तो एक वजा केला नाही, तर नेमक्या बरोबरीच्या मारण्या चुकतात, आणि अदलाबदलीत बरोबरी सर्वांत जास्त वेळा येते.

उंट बी७ वर आणि राजा जी८ वर असलेली मांडणी शून्याच्या उंबरठ्याने चालवा. शिल्लक १००, मग उणे २२५. काळा घोडा मारतो: २२५ वजा १ वजा ३२५, उणे १०१. पांढरा हत्ती: १०१ वजा १ वजा ५००, उणे ४००. काळा उंट: ४०० वजा १ वजा ३२५, अधिक ७४. थांबा. पाळी पांढऱ्याची, उत्तर नाही. शेवटच्या दोन मारण्या पाहाव्याच लागल्या नाहीत. उंट नसलेली मांडणी स्वतः चालवा. तिथे शिल्लक एकदाही शून्यावर येत नाही, काळ्याचे मारणारे संपतात आणि उत्तर हो येतं.

कुठे वापरायचं

पहिली जागा क्वायसन्स सर्च, म्हणजे मारामारी शांत होईपर्यंत मुख्यतः मारण्याच पाहणारा शेवटचा शोध. उंबरठा शून्य ठेवून ‘नाही’ आलेली प्रत्येक मारणी तिथे वगळा. राजाला शह असेल तेव्हा मात्र हा नियम बाजूला ठेवा, शहातून सुटण्याच्या सगळ्या खेळ्या पाहायलाच हव्यात. नव्या इंजिनाला सर्वांत मोठा फायदा या एका ओळीतून मिळतो. शोधलेल्या स्थितींचा आकडा आधी आणि नंतर, त्याच खोलीला, लिहून ठेवा.

दुसरी जागा खेळ्यांचा क्रम. बहुतेक जण महाग बळी आणि स्वस्त मारणारा आधी, हा एमव्हीव्ही-एलव्हीए क्रम लावतात आणि तो चांगलाच आहे. पण प्याद्याचा जोर असलेला घोडा हत्तीने मारणं तो प्याद्याने प्यादं मारण्याच्या वर ठेवतो. म्हणून क्रम एमव्हीव्ही-एलव्हीएचाच ठेवा. एखाद्या मारणीची पाळी आली की मगच तिला एसईई विचारा आणि ‘नाही’ आलं तर तिला साध्या खेळ्यांच्या मागे टाका. टाकून देऊ नका. वजिराचा बळी देऊन मात करणारी खेळी याच ढिगात असते. आणि सगळ्या मारण्यांना आधीच एसईई विचारून ठेवू नका, पहिल्याच खेळीला बीटा कटऑफ झाला, म्हणजे बाकीच्या खेळ्या पाहायची गरजच उरली नाही, तर बाकीचं काम वाया जातं.

तिसरी जागा साध्या खेळ्या. बळीची किंमत शून्य धरली की हेच फंक्शन सांगतं की मोहरा ज्या घरावर चालला आहे तिथे तो फुकट तर जात नाही ना. खोली थोडी उरली असताना अशा खेळ्या छाटता येतात. उंबरठा उरलेल्या खोलीप्रमाणे सैल करत न्या. मी खोलीच्या दर पायरीमागे उणे ६० ने सुरुवात करायला सांगते, मग आपापल्या इंजिनाप्रमाणे जुळवा.

मूल्यमापनात मात्र एसईई घालू नका. ते एका घरापुरतं पाहतं आणि पाहायला हवं तेही तेवढंच. पहिल्या मांडणीत सगळी मारामारी झाली की पांढरा हत्ती डी५ वर उभा राहतो आणि पुढे डी८ वर मात देण्याची धमकी असते. एसईईला ते दिसत नाही. एकच घोडा दोन घरांना जोर देत असेल तर दोन्हीकडे तो पूर्ण मोजला जातो. मधेच शह देऊन मग मारणं त्याला माहीत नाही. हे सगळं पाहणं शोधाचं काम आहे. एसईईत हे घालायला गेलात तर ते हळू होईल आणि तरीही अपुरंच राहील. स्टॉकफिशमध्ये २०२० पासून मूल्यमापनाला न्यूरल नेटवर्क आलं, तरी मारामारीचा हा छोटा हिशेब आपल्या जागी टिकून आहे.

चाचण्या

चार प्रकारच्या चाचण्या लिहा, आणि फंक्शन इंजिनाला जोडण्याआधीच लिहा.

पहिली, या लेखातल्या मांडण्या आणि तुम्ही स्वतः हाताने सोडवलेल्या आणखी काही. त्यांत राजाची मारणी, एन पासाँ आणि तिरप्या रेघेवर प्याद्यामागे उभा असलेला वजीर हवाच.

दुसरी, आरसा. पट उभा उलटा करा, रंग बदला, तीच खेळी विचारा. उत्तर तेच यायला हवं. प्याद्यांच्या दिशेची मघाची चूक इथे लगेच पकडली जाते.

तिसरी, दोन आवृत्त्या एकमेकींवर. यादीच्या आवृत्तीने एखाद्या मारणीला व असं उत्तर दिलं, तर हो-नाहीच्या आवृत्तीने व या उंबरठ्याला ‘हो’ आणि व अधिक १ ला ‘नाही’ म्हटलं पाहिजे. बिगरकॅसलिंग अशा प्रत्येक खेळीसाठी, कोणत्याही स्थितीत. इंजिनाला स्वतःशी खेळवून मिळालेल्या स्थितींवर हे रात्रभर चालवा. ‘वजा १’ विसरलेला कोड यातून वाचत नाही. यासाठी यादीची आवृत्ती कधीही पुसून टाकू नका, चाचण्यांच्या फाइलीत तिला कायमची जागा द्या.

चौथी, हळू पण कायदेशीर. खऱ्या पटावर खेळी करून, फक्त त्या घरावरच्या कायदेशीर मारण्या करत, त्याच स्वस्त-आधी नियमाने आणि थांबण्याच्या मुभेसह एक रिकर्सिव्ह फंक्शन लिहा. त्याचं आणि एसईईचं उत्तर जिथे वेगळं येईल त्या स्थिती छापून घ्या आणि पटावर मांडून पाहा. फरक खिळलेल्या मोहऱ्यांमुळे, आधीच बसलेल्या किंवा मारणारा हलल्याने मागून उघडलेल्या शहामुळे किंवा मारामारीच्या मध्यात प्याद्याचा वजीर झाल्यामुळे असेल तर तो तुमच्या माहितीतला आहे. दुसरं कारण निघालं तर तो बग आहे.

हे पार पडलं की इंजिनाची जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकींशी खेळवा, कमी वेळाच्या डावांत, वेगवेगळ्या सुरुवातींपासून, प्रत्येक सुरुवात दोन्ही रंगांनी. डाव किती खेळवायचे हे आधी ठरवू नका, ते एसपीआरटीला, म्हणजे पुरेसा पुरावा मिळताच थांबणाऱ्या संख्याशास्त्रीय चाचणीला, ठरवू द्या. क्वायसन्समधली छाटणी, खेळ्यांचा क्रम आणि साध्या खेळ्यांची छाटणी या तिन्ही गोष्टी एकदम घालू नका. एकेक घाला आणि प्रत्येकीची चाचणी पूर्ण झाल्यावरच पुढचीला हात लावा.